स्थलांतर आणि लिंगभाव: लोकानुनयी भाषा हे दोन विषय एकत्र का बांधते?

प्रश्न: मनन

नमस्कार. निरनिराळ्या देशांतील निवडणुकांची भाषणे आणि जाहीरनामे मी गेली काही वर्षे सातत्याने वाचत आहे, आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न जाणकारांपुढे ठेवावासा वाटतो. जो नेता देशाबाहेरून येणाऱ्या माणसांविषयी बोलताना ‘आक्रमण’ हा शब्द वापरतो, तोच नेता पुष्कळदा त्याच भाषणात कुटुंब, मातृत्व, घटता जन्मदर आणि ‘लिंगभावाची विचारसरणी’ (स्त्री-पुरुषांच्या भूमिका निसर्गाने नव्हे तर समाजाने घडवलेल्या असतात, या विचाराला विरोधकांनी दिलेले नाव) यांच्याकडे वळतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी निघालेल्या आदेशांत स्थलांतराला ‘आक्रमण’ ठरवून त्यापासून देशाचे रक्षण करण्याचा आदेश होता, आणि ‘लिंगभाव विचारसरणीच्या अतिरेका’पासून स्त्रियांचे रक्षण करण्याचाही होता. इटलीतील उजव्या नेत्या जॉर्जिया मेलोनी यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये रोममधील सभेत आपण स्त्री आहोत, आई आहोत, इटालियन आहोत, ख्रिश्चन आहोत, असे एकापाठोपाठ एक सांगितले आणि ही ओळख आपल्याकडून कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही, असे बजावले.

वरवर पाहता, रोजगारासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी सीमा ओलांडणारा माणूस आणि शाळेतील लैंगिकता-शिक्षण, गर्भपाताचा कायदा किंवा पारलिंगी व्यक्तींचे हक्क यांचा परस्परांशी काहीही संबंध दिसत नाही. मग हे विषय एकाच मुखातून, एकाच सुरात का येतात? ही निवडणुकीची सोय आहे, की त्यामागे विचारांची काही पक्की बांधणी आहे? आणि मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न असा की, अशी भाषा लोकांची मते खरोखर घडवते, की लोकांच्या मनात आधीपासून असलेलेच नेता बोलून दाखवतो? उदाहरणांच्या आणि अभ्यासांच्या आधारे कोणी लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १: सीमांत

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. माझ्या मते हे दोन स्वतंत्र विषय नाहीतच.

कास मुड या डच अभ्यासकाने २००४ साली लोकानुनयवादाची जी व्याख्या मांडली, ती आज बहुतेक अभ्यासक आधाराला घेतात. त्या व्याख्येनुसार या विचारात समाज दोन एकजिनसी आणि परस्परविरोधी गटांत विभागलेला असतो, एकीकडे निर्मळ जनता आणि दुसरीकडे भ्रष्ट अभिजन, आणि राजकारण हे जनतेच्या इच्छेचेच प्रकटीकरण असले पाहिजे असा आग्रह असतो. यात स्थलांतरितही नाहीत आणि स्त्रियाही नाहीत. परंतु जनता एकजिनसी आहे असे एकदा गृहीत धरले की ती तशीच राहणार कशी, हा प्रश्न येतोच आणि त्याला दोन बाजू असतात: बाहेरून आत कोण येते आणि आत कोण जन्माला येते. पहिल्या बाजूने स्थलांतर चर्चेत येते, तर दुसऱ्या बाजूने स्त्रीचे शरीर, विवाह, मातृत्व आणि लैंगिकता. अभिजन मग दोन्हींकडे फितूर ठरतात, कारण सीमा उघडणारेही तेच आणि कुटुंब मोडणारेही तेच.

ही बांधणी सर्वांत स्पष्टपणे हंगेरीत पाहायला मिळते. २०१५ साली तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांच्या सरकारने स्थलांतर आणि दहशतवाद या दोन्हींना एकाच शीर्षकाखाली गुंफून नागरिकांना राष्ट्रीय प्रश्नावली पाठवली. त्याच सुमारास रस्तोरस्ती फलक लागले की, हंगेरीत आलात तर हंगेरियन लोकांच्या नोकऱ्या हिरावू नका. हे फलक हंगेरियन भाषेत होते. ज्यांना उद्देशून ते लिहिले होते त्यांना ते वाचता येणे जवळजवळ अशक्य होते, म्हणजेच त्यांचा खरा वाचक देशातला मतदार होता. २०१८ साली लिंगभाव-अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीतून काढून टाकण्यात आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑर्बान यांनी चार किंवा अधिक मुले वाढवणाऱ्या स्त्रियांना आयुष्यभर प्राप्तिकरातून सूट जाहीर केली, आणि पश्चिमेकडील देश घटत्या जन्मदरावर स्थलांतराचा उपाय शोधत असले तरी आम्हाला नुसते आकडे नकोत, हंगेरियन मुले हवीत, अशा आशयाचे स्पष्टीकरण दिले. पुढे मे २०२० मध्ये तिथल्या संसदेने इस्तंबूल कराराला मान्यता देऊ नये, असा ठराव केला. हा करार स्त्रियांवरील हिंसाचार आणि घरगुती अत्याचार रोखण्यासाठी २०११ साली झालेला आहे. ठरावातील मुख्य आक्षेप दोन होते: एक करारातील लिंगभावाच्या संकल्पनेवर आणि दुसरा लिंगाधारित छळ हे आश्रय देण्याचे कारण मानणाऱ्या तरतुदीवर. आपण विचारलेला संबंध एकाच सरकारी कागदावर इतक्या उघडपणे लिहिलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या हंगेरियन स्त्रीचा प्रश्न मात्र त्या दोन आक्षेपांच्या मधोमध हरवला.

याच तर्काचे टोक म्हणजे ‘महाप्रतिस्थापना’ ही कल्पना. रेनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ साली तिला हे नाव दिले. मूळ लोकसंख्येच्या जागी बाहेरची लोकसंख्या आणली जात आहे आणि अभिजन ते घडू देत आहेत, असा तिचा दावा आहे. या दाव्याला घटता जन्मदर लागतो, आणि जन्मदराचे खापर फोडण्यासाठी स्त्रीवाद, गर्भनिरोध आणि समलिंगी संबंध लागतात. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ जणांना ठार मारणाऱ्या हल्लेखोराने मागे ठेवलेल्या पत्रकाची सुरुवात जन्मदराच्या उल्लेखानेच होते. जन्मदराविषयी बोलणारा प्रत्येक नेता हिंसा चिथावतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु सभ्य व्यासपीठावरून बोलली जाणारी कथा आणि त्या पत्रकातली कथा यांचा सांगाडा सारखा आहे, हे डोळ्यांआड करणे मला शक्य होत नाही.

दुसरा मार्ग ‘आमच्या स्त्रियांच्या रक्षणा’चा आहे. जर्मनीतील एएफडी या कट्टर उजव्या पक्षाने २०१७ च्या निवडणुकीत दोन फलक लावले होते. एकावर गर्भवती स्त्री होती आणि नवे जर्मन आम्ही स्वतःच घडवू, असा मजकूर होता. दुसऱ्यावर बिकिनीतील स्त्रिया होत्या आणि आम्हाला बुरख्यापेक्षा हे पसंत आहे, असे सुचवलेले होते. एका ठिकाणी तिने राष्ट्रासाठी मूल जन्माला घालायचे आणि दुसऱ्या ठिकाणी राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून उभे राहायचे. बोलायचे मात्र कुठेच नाही. सारा फॅरिस या समाजशास्त्रज्ञेने स्त्रीहक्कांच्या भाषेचा स्थलांतरविरोधासाठी होणारा हा वापर सविस्तर अभ्यासला आहे. फ्रान्समधील कट्टर उजव्या नेत्या मरीन ल पेन यांनी जानेवारी २०१६ मध्ये स्थलांतराचे संकट ही स्त्रीहक्कांच्या अंताची सुरुवात ठरेल, अशी भीती लेखातून व्यक्त केली, तेव्हा स्त्रीवादी चळवळीने अनेक दशके कमावलेले शब्द त्या चळवळीबाहेरच्या हेतूसाठी वापरले जात होते.

या रक्षणाची किंमत कोण मोजते, याचे एकच उदाहरण देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मेलोनी यांनी इटलीतील पिआचेन्झा येथे एका आश्रयार्थीने केलेल्या कथित बलात्काराची चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसारित केली. चेहरा अस्पष्ट केलेला असूनही आपण ओळखल्या गेलो, असे त्या पीडित स्त्रीने सांगितले आणि नंतर ती चित्रफीत हटवण्यात आली. जिच्या नावाने हे सारे चालले होते, तिची संमती कोणी घेतली नव्हती.

प्रतिसाद २: मोजपट्टी

वरील मांडणी मला पटते, परंतु ‘भाषा मते घडवते’ या वाक्याबाबत आपण सर्वांनी थोडे सावध राहावे असे वाटते, कारण उपलब्ध पुरावा अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी दिशा दाखवतो.

जेम्स डेनिसन आणि अँड्र्यू गेडिस यांनी पश्चिम युरोपातील सर्वेक्षणे तपासून २०१९ साली असे दाखवले की, स्थलांतरविरोधी पक्षांची मते वाढत असताना स्थलांतराबद्दलची लोकांची मते सरासरीने बरीचशी स्थिर होती आणि काही देशांत तर किंचित अनुकूल झाली होती. बदलला तो विषयाचा अग्रक्रम. देशापुढचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता, असे विचारल्यावर स्थलांतर हे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. ज्याचे मत आधीपासून प्रतिकूल होते, परंतु जो मतदान करताना वेतनाचा, निवृत्तिवेतनाचा किंवा आरोग्यसेवेचा विचार करत असे, तो आता सीमेचा विचार करू लागला. हंगेरी याला अपवाद आहे, कारण सरकारी प्रचार वर्षानुवर्षे आणि सर्व माध्यमांतून चालला तिथे मतेही उघडपणे कठोर झाली. प्रचाराची भाषा आणि माध्यमांवरील ताबा हे दोन्ही एकत्र आले की परिणाम वेगळा होतो, हे यावरून लक्षात घ्यावे.

दुसरा परिणाम अंदाजांवर होतो. आल्बेर्तो आलेसिना, अरमांदो मियानो आणि स्टेफानी स्टान्चेवा यांनी सहा श्रीमंत देशांत केलेल्या सर्वेक्षणात लोक स्थलांतरितांचे प्रमाण कितीतरी फुगवून सांगतात, असे आढळले. इटलीत ते प्रमाण सुमारे १० टक्के असताना लोकांचा सरासरी अंदाज २६ टक्के होता. याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, गरिबांना मदत करणाऱ्या योजनांविषयी विचारण्याआधी नुसता स्थलांतराचा विषय काढला, तरी त्या योजनांचा पाठिंबा घटत असे. कोणतीही खोटी माहिती देण्याची गरज पडली नाही, नुसता क्रम पुरेसा ठरला.

तिसरा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. लिओनार्दो बुर्श्टिन, गेऑर्गी येगोरोव्ह आणि स्तेफानो फिओरिन यांनी अमेरिकेतील २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात एक प्रयोग केला. सहभागी लोकांना एका कट्टर स्थलांतरविरोधी संघटनेला देणगी देण्याची संधी दिली. काहींना देणगी पूर्णपणे गुप्त राहील असे सांगितले, तर काहींना ती इतरांना कळू शकेल असे सुचवले. एरवी गुप्तपणे देणाऱ्यांचे प्रमाण उघडपणे देणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक होते, म्हणजे लोकांना आपले मत जाहीर होण्याचा संकोच होता. परंतु तुमच्या राज्यात ट्रम्प जिंकण्याची शक्यता जवळजवळ निश्चित आहे, ही माहिती ज्यांना आधी दिली त्यांच्यात हा फरक नाहीसा झाला. खासगी मत तेवढेच राहिले, संकोच तेवढा गेला. मननजी, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला येथे दिसते. नेता पुष्कळदा नवे मत देत नाही, तर जुन्या मताला चारचौघांत बोलण्याची मुभा देतो. आणि अशी मुभा मिळालेले मत समोरच्याच्या कानावर पडते, मुलांच्या कानावर पडते, नोकरी देणाऱ्याच्या निर्णयात उतरते. त्यामुळे मते बदलली नाहीत, या निष्कर्षाने निर्धास्त होण्यासारखे काही नाही.

रूपकांबद्दलही थोडे सांगतो. गुन्हेगारीला ‘हिंस्र पशू’ म्हटले तर लोक अधिक कडक शिक्षा सुचवतात आणि ‘विषाणू’ म्हटले तर सामाजिक सुधारणा सुचवतात, हा पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांचा २०११ चा प्रयोग वारंवार उद्धृत होतो. मात्र तो पुन्हा करून पाहणाऱ्या काही अभ्यासकांना तसा परिणाम आढळला नाही, हेही सांगायला हवे. स्थलांतरितांना प्राणी किंवा सैन्य म्हणणारी टोकाची रूपके वाचकांत उलट प्रतिकारही जागवतात, असे क्रिस्टोफर हार्ट यांचे निरीक्षण आहे. म्हणून मला अधिक भीती वाटते ती सवयीच्या, सौम्य भासणाऱ्या रूपकांची. आपल्या मराठी बातम्यांत ‘निर्वासितांचे लोंढे’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही, आणि वाचणाऱ्यालाही आपण माणसांविषयी वाचताना पुराचा विचार करत आहोत, हे जाणवत नाही.

प्रतिसाद ३: नीरक्षीर

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण तिच्यात एक उणीव मला खटकते. लोकांची भीती ही केवळ भाषेने निर्माण केलेली आहे, असा सूर येथे उमटत आहे आणि तो अन्यायकारक आहे.

जर्मनीतील कोलोन शहरात ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री, नववर्षाच्या गर्दीत, मुख्यतः परदेशी मुळाच्या पुरुषांच्या टोळक्यांनी स्त्रियांना घेरून त्रास दिला आणि लुटले, त्यानंतर एक हजाराहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांतील शेकडो लैंगिक अत्याचाराच्या होत्या. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी काढलेल्या पत्रकात मात्र रात्र बहुतांशी शांततेत पार पडल्याचे म्हटले होते. ज्या स्त्रियांनी तो प्रसंग अनुभवला, त्यांना पहिले काही दिवस कोणी विचारलेच नाही, आणि त्या मौनानंतर जो पहिला मोठ्याने बोलला तोच त्यांना खरा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. दक्षिण कोरियात २०१८ साली जेजू बेटावर सुमारे ५०० येमेनी आश्रयार्थी आले, तेव्हा त्यांच्या विरोधातील अर्जावर ७ लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि विरोध करणाऱ्यांत तरुण स्त्रियांचा आवाज ठळक होता. त्यांची मांडणी पुष्कळशी चुकीच्या माहितीवर आधारलेली होती, हे मला मान्य आहे. परंतु ज्या समाजात छुप्या चित्रीकरणापासून स्त्रियांना संरक्षण मिळत नव्हते आणि त्यासाठी त्या त्याच वर्षी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या, तिथली असुरक्षितता खोटी नव्हती. ती चुकीच्या माणसांकडे वळवली गेली. भीती आणि तिला दिलेली दिशा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत, तर आपण त्या स्त्रियांना स्वतःच्या हाताने लोकानुनयी नेत्याकडे पाठवू.

प्रतिसाद ४: सीमांत

नीरक्षीर, आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो आणि ‘भीती आणि तिची दिशा’ हा भेद पुढे नेतो. कोलोननंतर जर्मनीने जुलै २०१६ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचा कायदा सुधारला आणि शारीरिक प्रतिकार नसला तरी नकार हा नकारच मानला जाईल, असे ठरवले. जर्मन स्त्री-संघटना ही मागणी आधीपासून करत होत्या. त्याच सुधारणेबरोबर परदेशी गुन्हेगारांच्या हद्दपारीचे नियमही कडक करण्यात आले. पहिली गोष्ट प्रत्येक स्त्रीला, आरोपी कोणीही असला तरी, उपयोगी पडणारी होती. सार्वजनिक भाषणांत मात्र गाजली ती दुसरी.

चुकीच्या दिशेचे ताजे उदाहरण इंग्लंडमधील साउथपोर्टचे आहे. २९ जुलै २०२४ रोजी तिथे नृत्यवर्गात तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोर नुकताच होडीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी खोटी बातमी काही तासांत पसरली. तो प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरीही दंगली झाल्या, ‘आमच्या मुलांना वाचवा’ अशा घोषणा दिल्या गेल्या आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला, आत माणसे असताना, आग लावण्याचा प्रयत्न झाला. इतक्या कमी वेळात लोकांनी ती बातमी खरी मानली, कारण तिचा साचा वर्षानुवर्षे तयार होता आणि त्यात फक्त गावाचे नाव भरायचे राहिले होते.

आणखी एक मुद्दा मांडतो. २०१५ साली युरोपीय संघात प्रथमच आश्रय मागणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश पुरुष होते. हा आकडा खरा आहे आणि ‘लष्करी वयाचे तरुण पुरुषच का येतात’ हा प्रश्न त्यावरच उभा राहिला. वाट जीवघेणी असल्यामुळे कुटुंबातला धडधाकट माणूस आधी निघतो आणि कागदपत्रे मिळाल्यावर पत्नी-मुलांना बोलावतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे. परंतु मार्च २०१६ मध्ये जर्मनीने दुय्यम संरक्षण (पूर्ण निर्वासित दर्जाऐवजी मिळणारा मर्यादित आश्रय) मिळालेल्यांना कुटुंब बोलावण्यास दोन वर्षांची मनाई केली. म्हणजे पुरुष एकटे येतात ही तक्रार एका बाजूला आणि त्यांना एकटेच ठेवणारा नियम दुसऱ्या बाजूला. २०२२ साली युक्रेनमधून आलेल्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी होती. त्यांच्याविषयीची भाषा सुरुवातीपासून वेगळी, मायेची होती. धर्म, वर्ण आणि शेजार ही कारणे त्यात होतीच, पण लिंगभावाचा वाटाही मोठा होता.

प्रतिसाद ५: श्रमविचार

या चर्चेत एक स्त्री अजून आलेलीच नाही. आतापर्यंत ‘आमची स्त्री’ आली आणि ‘त्यांचा पुरुष’ आला. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २८ कोटी १० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांपैकी ४८ टक्के स्त्रिया आहेत. लोकानुनयी भाषणात त्या जवळजवळ दिसतच नाहीत, आणि दिसल्याच तर बुरख्याखालची पीडिता किंवा खूप मुले असलेली आई म्हणून दिसतात. कामगार म्हणून त्या कधीच दिसत नाहीत.

इटलीतील २००९ सालच्या घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या सरकारने, ज्यात स्थलांतरविरोधी लेगा नोर्द हा पक्ष सामील होता, जुलैमध्ये परवान्याविना देशात येणे आणि राहणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. लगेच ऑगस्टमध्ये त्याच सरकारने घरकाम आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या परवानाहीन कामगारांना नियमित करण्याची योजना आणली आणि जवळजवळ ३ लाख अर्ज आले. बांधकामावरच्या किंवा शेतावरच्या मजुराला ही सवलत नव्हती. कारण उघड आहे. म्हातारी माणसे सांभाळायला कोणी तरी हवे होते, राज्याने ती सोय उभी केली नव्हती आणि घरातल्या स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या होत्या. ज्या कुटुंबाचे गुणगान सभेत होते, ते कुटुंब प्रत्यक्षात युक्रेन, रुमानिया, मोल्दोवा, फिलिपाइन्स किंवा पेरू येथून आलेल्या स्त्रीच्या श्रमावर चालत होते, आणि तिची स्वतःची मुले दुसऱ्या देशात आजीकडे वाढत होती.

म्हणून माझे म्हणणे असे की, या भाषेचे मोजमाप ती काय बोलते यावरून जितके करायचे, तितकेच ती काय बोलत नाही यावरूनही करायला हवे. बलात्कारी म्हणून रंगवलेला पुरुष सर्वांना आठवतो. बारा-चौदा तास काम करून मालकाच्याच घरी झोपणारी, परवाना मालकावर अवलंबून असल्यामुळे छळाची तक्रार करू न शकणारी स्त्री कोणाच्याच जाहीरनाम्यात नसते. घरकामगारांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली १८९ क्रमांकाचा करार केला, पण किती निवडणुकांत तो प्रचाराचा विषय झाला, हे आपणच आठवून पाहावे.

मनन

सर्वांचे मनापासून आभार. बराच उलगडा झाला, तरी दोन शंका उरल्या आहेत. हे सारे लोकानुनयवादाचे लक्षण मानायचे की केवळ उजव्या राष्ट्रवादाचे? आणि अशा भाषेला उत्तर देताना आकडे आणि खंडन यांचा खरोखर उपयोग होतो का? माझ्या ओळखीतल्या माणसांशी बोलताना मला तो क्वचितच झालेला दिसतो.

प्रतिसाद ६: मोजपट्टी

पहिल्या शंकेसाठी इक्वेडोरकडे पाहावे. तिथल्या २००८ च्या राज्यघटनेने स्थलांतराचा हक्क मान्य केला आणि कोणत्याही माणसाला केवळ स्थलांतरित असल्यामुळे ‘बेकायदा’ मानले जाणार नाही, असे नमूद केले. ही घटना राफाएल कोर्रेआ या डाव्या लोकानुनयी नेत्याच्या काळातली आहे. याच कोर्रेआ यांनी डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या साप्ताहिक भाषणात ‘लिंगभाव विचारसरणी’ कुटुंबाचा नाश करते, असा हल्ला चढवला. म्हणजे स्थलांतर आणि लिंगभाव यांची गाठ अटळ नाही. ती बांधावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी बांधली जाते. २ ऑक्टोबर २०१६ हा दिवसही या दृष्टीने बोलका आहे. त्या दिवशी हंगेरीत निर्वासितांची सदस्य देशांत वाटणी करण्याच्या युरोपीय संघाच्या योजनेविरुद्ध सार्वमत झाले, वैध मतांपैकी सुमारे ९८ टक्के सरकारच्या बाजूने पडली, पण मतदान ५० टक्क्यांपर्यंत न पोहोचल्यामुळे ते बाद ठरले. त्याच दिवशी कोलंबियात बंडखोरांबरोबरच्या शांतता-करारावर सार्वमत झाले आणि ५०.२ टक्के मतांनी करार नाकारला गेला. तिथल्या विरोधी प्रचारात, करारातून लिंगभाव विचारसरणी देशात घुसवली जात आहे, हा मुद्दा जोरात होता. युद्ध थांबवण्याच्या प्रश्नातही ही भाषा शिरू शकते, मग स्थलांतरात शिरली यात आश्चर्य नाही. पोलंडमध्ये तर २०१५ च्या प्रचारात निर्वासितांना रोगजंतूंचे वाहक म्हटले गेले आणि २०१९-२० मध्ये तीच धोक्याची जागा समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना दिली गेली.

दुसऱ्या शंकेबाबत माझा अनुभव आपल्यासारखाच आहे आणि अभ्यासही त्याला दुजोरा देतात. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ साली अमेरिकेतील मायामी येथील घरोघरच्या संवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दहा मिनिटांच्या शांत संभाषणाने पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परवानाहीन स्थलांतरितांचा विषयही घेतला. नुसते युक्तिवाद मांडले तेव्हा काहीच बदल झाला नाही. समोरच्याला दोष न देता त्याचे अनुभव विचारले, त्याला कधी वेगळे किंवा असहाय वाटले होते का हे ऐकून घेतले आणि मग एका स्थलांतरिताची गोष्ट सांगितली, तेव्हा किमान चार महिने टिकणारा बदल दिसला. परिणाम लहान होता, मोठा नव्हता. पण एकच पद्धत दोन्ही विषयांत लागू पडली, हे मला आपल्या मूळ प्रश्नाशी जोडावेसे वाटते.

ही पद्धत महाग आहे. तिला प्रशिक्षित माणसे लागतात, वेळ लागतो आणि एका वेळी एकाच घराचे दार उघडते, तर भाषण एका रात्रीत कोट्यवधींपर्यंत जाते. म्हणून प्रस्थापित पक्ष सोपी वाट घेतात आणि विरोधकांचीच भाषा थोडी सौम्य करून वापरतात. व्हर्नर क्राउझे, डेनिस कोहेन आणि तारिक अबू-चादी यांनी पश्चिम युरोपातील निवडणुकांचा अभ्यास करून २०२३ साली दाखवले की, अशा अनुकरणाने कट्टर उजव्या पक्षांची मते घटत नाहीत, उलट मतदार त्यांच्याकडे वळण्याचीच शक्यता वाढते. आपण ओळखीतल्या माणसांशी बोलत आहात, म्हणजे विश्वास आधीच आहे. तेव्हा पुढच्या वेळी आकड्यांआधी त्यांचाच एखादा अनुभव विचारून पाहावा आणि काय घडले ते येथे जरूर लिहावे.